मिस्त्रींना न ओळखणारा सुतार

आमचा थोरला सुतार आहे. म्हातारे मिस्त्री त्याचे गुरू. फळी कापण्याआधी तिला कान लावून टिचकी मारायची, ही त्यांची सवय त्यालाही जशीच्या तशी लागली.

गेल्या महिन्यात नव्या इमारतीतला लाकडी जिना कोसळून एक मजूर मेला. हलकं लाकूड कंत्राटदाराने गळ्यात मारलं होतं. "हे नको" असं मिस्त्रींनी बजावलेलं थोरल्याने स्वतः ऐकलं होतं. पण पोलिसांनी धरलं मिस्त्रींनाच.

"तू याच्याच हाताखालचा ना?" फाटकापाशी मुकादमाने थोरल्याला विचारलं.

"छे. मी यांना ओळखत नाही."

"वा रे पठ्ठ्या. मग फळीला कान लावायला काय तुझ्या मावशीने शिकवलं?"

सगळे हसले. थोरला पुन्हा म्हणाला, "नाही ओळखत." गाडीत चढताना मिस्त्रींनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

रविवारी चर्चमध्ये पेत्राने येशूला नाकारल्याचा उतारा वाचला गेला. घरी येताना थोरला म्हणाला, "पेत्र बाहेर जाऊन रडला तरी, आई. मी आत जाऊन दाराला बिजागऱ्या बसवल्या."

आज मिस्त्रींची बायको दारात आली. थोरला आतून कुजबुजला, "मी घरी नाही म्हणून सांग."

तिला ते ऐकू गेलं. चपला पुन्हा पायात घालत ती म्हणाली, "राहू द्या, ताई. उद्या साक्षीला यांच्या ओळखीचं कुणीतरी हवं होतं, दुसरं काही नाही."

ती खाली उतरेपर्यंत थोरला दाराआड उभा होता. बाहेर आला नाही.