मुलीचं नाव आणि सासूबाईंचे राजे

माझ्या मुलीचं नाव मी पत्त्यांत हरलो.

हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तिची आता सवय झाली आहे. मी जुगारी नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, गोखिवऱ्याला राहतो, आणि जन्मात कधी लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही (शक्यता काढून बघितली होती, म्हणून). पण त्या दिवशी डाव मीच मांडला होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्याचं असं झालं. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, आणि मला बहीण नाही. जागा रिकामी म्हटल्यावर दोन उमेदवार उभे राहिले. एक मी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. बायको, म्हणजे स्नेहल, बाळंतपणासाठी निर्मळला माहेरी होती. मला नाव हवं होतं अद्विका. सासूबाईंना हवं होतं निर्मला.

"गावाचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "देवळाची घंटा वाजली की पोर रडायची थांबते. तिनेच निवडलंय म्हणा ना."

"आई, अहो निर्मला म्हणजे... शाळेत बाकीची मुलं हिलाच बाई समजतील."

एवढं बोललो आणि चुकलो. सासूबाई घरात सगळ्यांशी वाडवळी बोलीत बोलतात, माझ्याशी पुस्तकी मराठीत, आणि रागावल्या की त्याहून पुस्तकी. "आपण चहा घेणार का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ओळखलं, की त्या चांगल्याच रागावल्या आहेत.

बारसं दुसऱ्या दिवशी होतं. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, पाळणा सजला होता, फक्त बाळाला नाव नव्हतं. स्नेहलला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. मला झोपू द्या."

दुपारची जेवणं झाली आणि रोजच्यासारखे ओटीवर पत्ते निघाले. या घरात जेवणानंतर बडीशेप नसली तर चालते, पत्ते लागतातच. माझा मेव्हणा नितेश पानं पिसत सहज म्हणाला, "भाऊजी, लावा ना पैज. जो जिंकेल त्याचं नाव."

सासूबाईंचे डोळे चमकले. मेंढीकोटमध्ये त्यांना आजवर कुणी हरवलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी चलाखी केली.

"मेंढीकोट नको, पोकर खेळू," मी म्हणालो. "त्यात नशीब चालत नाही, शक्यता चालते."

"मला शिकवा," सासूबाई म्हणाल्या.

मी शिकवलं. अगदी मन लावून, वर्गात शिकवतो तसं. प्रत्येकाला पाच पानं, नको असलेली एकदा बदलून घ्यायची. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तीन सारखी भारी, चार सारखी तर फारच भारी. पाच पानांचे हात एकूण पंचवीस लाखांवर होतात, त्यात चार सारखी येणारे अवघे सहाशे चोवीस, हेही सांगितलं. नितेशने जांभई दिली. सासूबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सारखी पानं जास्तीत जास्त जमवायची. एवढंच ना?"

"ढोबळमानाने तसंच," मी म्हणालो (मनातल्या मनात हसलोसुद्धा).

नितेशने पानं वाटली. मी पानं उचलली. तीन राजे. सोबत एक तिर्री आणि एक नव्वी. ही दोन्ही टाकून दोन नवी पानं घेतली तर चौथा राजा यायची शक्यता सत्तेचाळीसात दोन. मी पानं घेतली. चौथा राजा आला.

काही पानं जरा जास्तच विटलेली होती, हे मी बघितलं होतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने होत असेल, असं स्वतःलाच समजावलं.

सासूबाईंनी एकच पान बदललं. मी लगेच हिशेब मांडला. एक पान बदललं म्हणजे बहुतेक दोन जोड्या. चार सारखी हातात असती तर पाचवं पान बदलून कुणाला काय मिळणार? त्या मला हरवण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. मला त्यांची दया आली. खरंच आली. नातीचं दुसरं नाव निर्मला ठेवू, अशी तडजोडही मी मनाशी ठरवून टाकली.

"आई, वाईट वाटून घेऊ नका," असं म्हणून मी चार राजे एकेक करत सतरंजीवर मांडले.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "छान आलेत हो," त्या म्हणाल्या आणि स्वतःची पानं ठेवली.

राजा. राजा. राजा. राजा. आणि राजा.

"पाच सारखी," त्या म्हणाल्या. "जास्तीत जास्त म्हणाला होतात ना?"

मी बोटाने एकेक राजा मोजला. "नऊ राजे?"

"अकरा आहेत," नितेश म्हणाला. "दोन गड्डीत असतील."

मग ऐकायला मिळाली ती त्या घराची रीत. एखादं पान हरवलं, फाटलं, कुणी टेबलाच्या पायाखाली सरकवलं, की सासूबाई दुसऱ्या कॅटातून भर घालतात. घालतात ती राजांची. कारण? "दुर्री आली की माणूस तोंड पाडून बसतो. राजा आला की बरं वाटतं. घरातल्या घरात खेळायचं, तर सगळ्यांना बरं वाटू दे."

"हा कॅट बाद आहे," मी म्हणालो.

"का? मोजा. बावन्न आहेत."

मी मोजली. बरोबर बावन्न होती.

गलक्याने स्नेहल उठून बाहेर आली. मी मोठ्या आशेने तिच्याकडे बघितलं. "तुला हे माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. तू कधी विचारलं नाहीस." मग तिने सतरंजीवरच्या पानांकडे नीट बघितलं. "आणि तुला चार राजे आले, तेव्हा नाही वाटलं कॅट बाद आहे?"

मी पानं गोळा करायला घेतली.

खरं सांगतो, वाईट वाटलं. रात्रभर अद्विका, अद्विका असं मनात चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि पोरगी त्यांच्याकडे बघून असं काही हसली, की माझाही राग तिथेच संपला. आता तर दुसरं कुठलं नाव तिला शोभलंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगतो.

फक्त शाळेतल्या इतर आया विचारतात, "एवढ्याशा मुलीचं नाव निर्मला कसं हो?" तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो, आणि स्नेहल अगदी गंभीरपणे सांगते, "हिच्या बाबांचं गणित खूप चांगलं आहे ना, म्हणून."