खालाने सांगितलेला सिनेमा

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं भाऊ-बहीण फोनवर त्या नव्या मोठ्या सिनेमावरून भांडत होतात. एकाचं म्हणणं, शेकडो कोटी ओतलेत ते पडद्यावर दिसतात. दुसरीचं म्हणणं, दिसतात, पण त्यात माणूस कुठे आहे? मी ऐकत होते. मला हसू आलं.   साठ वर्षांपूर्वी अगदी हेच मत मी एका बाईच्या तोंडून ऐकलं होतं. तिच्याबद्दल सांगू शकतील अशा आता दोघीच उरलो आहोत, मी आणि तुमची मोठी आजी. मोठ्या आजीला हल्ली चार वाक्यं बोलली की दम लागतो. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

"पैसा लय दिसला, माणूस नाई दिसला."

टोपली ओसरीवर उतरवायची, ओढणीच्या टोकाने मान पुसायची आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी हे म्हणायचं. मग आम्हाला कळायचं की खाला खामगावला जाऊन नवा सिनेमा पाहून आली आहे आणि तो तिला आवडलेला नाही.

ती बांगड्या भरणारी होती; सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. जळगाव जामोदला मनियारांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, मोहल्ल्यात राहायची. नवरा लवकर गेला होता, मुलगा सायकली दुरुस्त करायचा. माल आणायला ती एसटीने खामगावला जायची. तिथे सकाळी बांगड्या घेऊन झाल्या की परतीची गाडी संध्याकाळी. मधल्या वेळात, टोपली मांडीवर घेऊन, ती सिनेमा बघायची. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तेव्हा सिनेमा पाहिलेला नव्हता. मी लग्नाआधी अमरावतीला कॉलेजात असताना दोन-तीन पाहिले होते, पण ते मी सासरी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची काम करायची एक रीत होती. तुम्ही काचेच्या बांगड्या भरून घेतलेल्या नाहीत, तेव्हा सांगते. हात साबणाने ओला करून अंगठ्याखालचा भाग दाबत दाबत बांगडी वर सरकवतात. हाडांवरून जाताना जीव कळवळतो. बाई हात आखडते आणि बांगडी फुटते. खाला म्हणायची, "हात ढिला सोड पोरी, आपुन सिनेमा पाहाले चाललो." आणि गोष्ट सुरू करायची. ज्या क्षणी बांगडी हाडांवर यायची, नेमक्या त्याच क्षणी तिच्या गोष्टीत कुणीतरी दार लोटायचं किंवा कुणाची तरी ओळख पटायची. आपण "मंग?" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची.

गोष्टीत तिची मतं मिसळलेली असायची. लढाईच्या एका मोठ्या सिनेमाबद्दल ती म्हणाली होती, "हजार घोडे पळवले बाई त्याईनं. पन येकाही घोड्याले कोनी पानी नाई पाजलं." आरशांच्या महालाबद्दल म्हणाली, "इतके आरसे लावले, पुसते कोन? फडकं घेतलेली येक बाई नाई दाखवली." बर्फातल्या एका गाण्याचा तिला फार राग होता. "ते पोरगी उघड्या हातानं नाचून राह्यली. हिरोच्या अंगात कोट हाय. देता नाई आला त्याले?"

एकदाच एका महागड्या रंगीत सिनेमाची तिने मनापासून स्तुती केली. "तीन घंट्यात येक म्हातारी आली. अंधारात चष्मा शोधून राह्यली व्हती. सापडला तिले." थोडं थांबून म्हणाली, "मी रडली तवा." बाकीच्या सिनेमात काय होतं, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता मोठ्या आजीकडे येते. ती माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा नवरा, माझे मोठे दीर, विषमज्वराने जाऊन दोन वर्षं झाली होती. ती तेव्हा पंचविशीची असेल. आमच्या घरात अशा बाईने बांगड्या भरणारीसमोर बसायचं नाही अशी रीत होती. खालाची हाक आली की ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

खालाचा आवाज आमच्या घरी इतर घरांपेक्षा मोठा असायचा. एकदा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुमची पणजी, तिला म्हणाल्या, "खाला, हळू बोल. आमी काई बहिऱ्या नाई."

"हाव मोठ्या बाई," खाला म्हणाली, "पन तुमच्या भिंती लय जाड हायत."

आत्याबाईंना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी पान लावायला घेतलं आणि विषय सोडला.

मोठी आजी सातवी पास होती. तिचा भाऊ वर्षभर येऊन सांगत होता की हिला बुलढाण्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवा, मुलींच्या वसतिगृहात राहील, पुढे नोकरी लागेल. आत्याबाई त्याला जेवू घालायच्या आणि उत्तर न देता परत पाठवायच्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणत, बायकांचं बायका ठरवतील. जाऊ काही मागत नव्हती. पण भाऊ निघाला की ती फाटकापर्यंत जायची आणि तो वळणावर दिसेनासा झाला तरी उभी राहायची.

त्या हिवाळ्यात खाला हत्तींचा सिनेमा पाहून आली. असा खर्च कुणी केला नसेल म्हणाली. खरा महाल, शंभर हत्ती, आणि शेवटी नदीला पूर, तोही खरा वाटावा असा. त्या महालात राजाची विधवा सून होती. तिला पुस्तकांची आवड, आणि सासू तिच्या खोलीचं दार बाहेरून लावून घ्यायची. मग पूर आला. सुनेनेच गावातल्या लोकांना महालाच्या गच्चीवर घेतलं.

"मंग?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा हात खालाच्या हातात होता.

"मंग पूर उतरला. सासू म्हने, पोरी, इतका मोठा महाल रिकामा काऊन ठेवाचा? तू इथं पोरी बसव अन् शिकव. तिनं शाळा काढली. हत्ती बांधाच्या ठानात शाळा भरली, बाई."

"सासूच म्हने असं?"

"सोता सासू."

बांगडी मनगटात गेली. आत्याबाई बराच वेळ हाताकडे बघत बसल्या. आतल्या खोलीच्या दाराची कडी जराशी वाजली.

संक्रांतीनंतर जाऊचा भाऊ पुन्हा आला. जेवण झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "जून महिन्यात ने तिले." एवढंच. पुढे शेजारणींना त्या सांगायच्या, "सिनेमावाले लोक लाखो रुपये लावून खोटं कायले दाखवतीन? जमाना बदलून राह्यला." जाऊसाठी पत्र्याची पेटी आली. ती त्यात हळूहळू कपडे ठेवू लागली.

आणि एप्रिलात गावाबाहेर तंबू टॉकीज आली. गाडीवर फिरणारा भोंगा ओरडू लागला, शंभर हत्ती, रंगीत, भव्य.

आत्याबाई म्हणाल्या, "आपुन जाऊ. तिलेही नेऊ. तिचाच सिनेमा हाय."

त्याच दिवशी दुपारी खाला न बोलावता आली. "नका जाऊ मोठ्या बाई. तंबूत साप निघाला म्हन्तेत. सिनेमाची पट्टीही जुनी हाय, तुटते घडीघडी." आत्याबाई हसल्या. "येवढे दिवस तू सांगे, आमी ऐको. आता आमच्या डोळ्यानं पाहू." खाला उठली. मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. तिने माझं मनगट धरलं.

"पोरी, ते बाई मरते त्या सिनेमात."

"कोण?"

"तेच. सून. सगळ्याईले गच्चीवर चढवते अन् सोता पुरात जाते. शंभर हत्तीले जागा भेटली त्याईले, घोड्याईले भेटली. येका बाईले ठेवाले जागा नाई सापडली. म्हनून मारून टाकली. मले नाई पटलं ते. म्हनून मी तसं नाई सांगितलं." मग हलकेच म्हणाली, "आता जाऊ देतीन का तिले?"



तुम्हाला इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्या गल्लीत प्रत्येक सिनेमा खालाच्या तोंडूनच आला होता. त्यामुळे त्यात सिनेमा कुठे संपतो आणि तिचं मत कुठे सुरू होतं हे कुणालाच कधी कळलं नव्हतं. कळायची गरजही पडली नव्हती.

आम्ही पहिल्या खेळाला गेलो. बायकांची बाजू कनातीने वेगळी केली होती, खाली सतरंज्या. आत्याबाई पाठ ताठ करून बसल्या. हत्ती आले तेव्हा त्यांनी जाऊकडे पाहून मान हलवली. पूर आला. सुनेने लोकांना गच्चीवर चढवलं आणि पाणी तिच्यावरून गेलं. तिची पांढरी साडी थोडा वेळ दिसली, मग नुसतंच पाणी. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

बायका उठल्या. आत्याबाई उठल्या नाहीत. सतरंज्या गोळा करणारा माणूस आला. "चला माय, संपला सिनेमा."

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "शाळा याची बाकी हाय अजून."

"कोनती शाळा?"

"तू दाखव तर खरं पुढं."

तो माणूस माझ्याकडे बघू लागला. जाऊने वाकून त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, चला घरी." 

सकाळी मी पाहिलं, जाऊने पत्र्याची पेटी रिकामी केली होती. कपडे पुन्हा फळीवर घड्या करून ठेवले होते. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं.

आत्याबाईंनी खालाला बोलावणं पाठवलं. ती टोपली न घेता आली आणि ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली. तिला तसं रिकाम्या हाती मी पहिल्यांदाच बघत होते.

"खोटं सांगितलं तू मले."

"सिनेमा त्याईचा व्हता, मोठ्या बाई. मत माह्यं व्हतं."

"मले कसं समजाचं, त्याईचं कोनतं अन् तुह्यं कोनतं? मी लोकाईले सांगत फिरली."

खालाने आतल्या दाराकडे पाहिलं.   आत, दारामागे, जाऊ उभी होती. तिची सावली मला उंबऱ्याशी दिसत होती.

आत्याबाईंनी तिकडे न बघता हाक मारली. "पेटी काऊन रिकामी केली तू? भर ते." मग खालाला म्हणाल्या, "सिनेमात काय झालं ते पाह्यलं मी. पोरीनं इतक्या लोकाईचा जीव वाचवला अन् तिच्यासाठी येकानंही हात खाली नाई केला. माह्या घरात काय होईन ते मी ठरवीन. ते जाईन बुलढान्याले. पन तू आता या घरी येऊ नको."

"ते जाईन ना पन?" खालाने विचारलं.

"जाईन म्हनलं ना."

"मंग ठीक हाय," खाला म्हणाली आणि गेली.

आत्याबाईंनी दोन्ही शब्द पाळले. जूनमध्ये जाऊ बुलढाण्याला गेली. आणि खाला पुन्हा आमच्या ओसरीवर आली नाही. आम्ही बाजारात जाऊन बांगड्या भरून घेऊ लागलो. तिथली बाई काही बोलत नसे. बांगड्या जास्त फुटायच्या. तंबू टॉकीज पुन्हा आली की आत्याबाई अधूनमधून जायच्या. सिनेमा संपला की जरा वेळ बसून राहायच्या आणि घरी येताना म्हणायच्या, "ते असती तर आता म्हनली असती काहीतरी." पण तिला बोलवा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

मोठ्या आजीला सोनाळ्याच्या शाळेत नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत ती घरी यायच्या आधी मनियारांच्या मोहल्ल्यात गेली. हे तिने मला फार उशिरा सांगितलं. इतक्या वर्षांत त्या दोघी समोरासमोर बसल्या नव्हत्या. खालाने तिला चटईवर बसवलं, चहा दिला आणि खामगावला नुकताच पाहिलेला एक सिनेमा पहिल्यापासून सांगायला लागली. सांगता सांगता तिने सवयीने मोठ्या आजीचा हात हातात घेतला आणि अंगठ्याखालचा भाग दाबत राहिली. भरायला बांगडी नव्हती. सिनेमा संपेपर्यंत तिने तो हात सोडला नाही, आणि मोठ्या आजीनेही काढून घेतला नाही.

त्यानंतर दर सुट्टीत ती जायची. मग एका दिवाळीत गेली तर घराला कुलूप होतं. सायकलवाल्या मुलाने दुकान मलकापूरला नेलं होतं, आणि खाला त्याआधीच वारली होती. बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती, कारण आमच्या घरी तिचं येणं-जाणं नव्हतं. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कई वारली ते?" आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तो हत्तींचा सिनेमा आता कुठे मिळत नाही. तुमच्या बाबाने एकदा कॉम्प्युटरवर बराच शोधला, सापडला नाही. तुम्हीही शोधाल, म्हणून सांगते. पण सोनाळ्याला मोठ्या आजीच्या हाताखाली शिकलेल्या मुली आता आज्या झाल्या आहेत, आणि शंभर हत्तींच्या महालाची गोष्ट त्या अजून आपल्या नातींना सांगतात. त्या गोष्टीत सून मरत नाही.