काश्यपांचे शहर

संकल्प सांगताना एका ठिकाणी मला थांबावे लागते. देश सांगून होतो, काल सांगून होतो, तिथी, वार, नक्षत्र होते. पुढे यजमानाने आपले गोत्र उच्चारायचे असते. देवासमध्ये हा थांबा अलीकडे लांबत चालला आहे. यजमान पत्नीकडे पाहतो, पत्नी सासूकडे पाहते, सासू मुलाला गावी फोन लावायला सांगते, आणि पलीकडून कुणी उचलेपर्यंत माझ्या गुडघ्याला कळ येते. मग मीच म्हणतो, "काश्यप म्हणा." ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप, ही सोय पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. सर्व प्राणिमात्र कश्यप ऋषींची प्रजा. तेव्हा त्यात असत्य काहीच नाही. यजमान सुटल्यासारखा "काश्यप" म्हणतो आणि मी पुढे जातो.

धारहून संस्कृतचा शिक्षक म्हणून मी येथे आलो, तेव्हा असे थांबावे लागत नसे. आपल्या मराठी लोकांत तुम्ही थोरल्या पातीचे की धाकट्या पातीचे एवढे विचारले की पुरे. दोन दरबारांपैकी कोणाच्या पदरी आजे-पणजे होते हे कळले की गल्ली, कुलदैवत आणि बहुधा गोत्रही कळे. गाव टेकडीवरच्या देवीच्या पायाशी होते आणि तेवढेच होते. पुढे कारखाने आले. बिहारचे आले, ओडिशाचे आले, केरळचे आले, बुंदेलखंडातून कुटुंबेच्या कुटुंबे आली. शेते विकली गेली, त्यांवर कॉलन्या उठल्या, आणि कॉलन्यांना नावे मात्र देवांची पडली. मी निवृत्त झाल्यावर हे लोक मला वास्तुशांतीला, सत्यनारायणाला बोलावू लागले, कारण त्यांचे पुरोहित त्यांच्याबरोबर आले नव्हते. शिरगणती करणारे लोकांना काय काय विचारतात ते मला माहीत नाही. मी एवढेच विचारतो, आणि माझ्यापुरते हे शहर काश्यपांचे आहे.

यात कधी कोणाचे अडेल असे मला वाटले नव्हते. अडले ते आमच्या शेजारच्या मुलीचे.

शेजारी म्हणजे शिंपी. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आले; अंगरखे शिवत, हत्तीच्या झुली शिवत. आता शाळांच्या गणवेशांचे दुकान आहे. मुलगी एका कारखान्याच्या कार्यालयात हिशेब पाहते, आणि त्याच कारखान्यातला एक मुलगा तिने पसंत केला होता. मुलाचे वडील बिहारचे, येथेच फिटर म्हणून निवृत्त झालेले. जात विचारून झाली होती आणि बऱ्याच कुरकुरीनंतर पचवूनही झाली होती. पत्रिका दोघांनी मोबाईलवरच जुळवल्या होत्या. गोत्र मात्र कोणीही विचारले नव्हते.

वाङ्निश्चयाला मी बसलो होतो. मुलीचे गोत्र मला पाठ होते. मुलाकडचे विचारले तर त्याचे वडील धडा पाठ केलेल्या मुलासारखे तत्काळ बोलले, "कश्यप, पंडितजी!"

पलीकडे मुलीची आत्या ओटीचे तबक घेऊन उभी होती. तिला सगळे आक्का म्हणतात; बदनावरला असते. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवले, त्यासाठी स्वतःचे लग्न उशिरा केले. तिने तबक खाली ठेवले.

"काय म्हणाले ते?"

"काश्यप," मी म्हणालो.

"आणि आपलं?"

तिच्या भावाने माझ्याकडे पाहिले.

"आपलंही काश्यपच नं गुरुजी? मग हे भाऊ-बहीण झाले! कमाल आहे तुम्हा लोकांची. साखर वाटायला बसलेत!"

"आत्या, तू पण ना!" मुलगी म्हणाली. "ते पटन्याकडचे, आपण कुठले! काय संबंध?"

"संबंध तुला नको सांगू. सगोत्र लग्न मी मांडवात बसून बघणार नाही. तुम्ही करा खुशाल. मला फक्त बदनावरच्या बसमध्ये बसवून द्या."

साखर कागदातच राहिली. दोन्हीकडचे लोक चहा पिऊन, चहाचीच स्तुती करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील दुकान नोकरावर टाकून माझ्याकडे आले. समोरचा चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पोरगी म्हणते कोर्टात करून टाकू. करेल ती, तिला अडवणारा मी कोण? पण गुरुजी, आक्का नसेल तर मी कन्यादानाला बसणार नाही. माझी आई तीच आहे. दोघींतली एक तुटणार, बघा." ते गेले तरी त्यांचा चहा तसाच होता.

मला त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती आणि ती मी बोललो नव्हतो. आक्काचे काश्यप कोठून आले असेल? मी तिला पूर्वी एकदा विचारले होते. ती अभिमानाने म्हणाली होती, "आमच्या पणजोबांना दरबारच्या भटजींनी सांगितलंय. तेव्हापासून आमच्या घरी कुणी विसरलं नाही." दरबारच्या भटजींनी सांगितले, याचा अर्थ पणजोबांना ते ठाऊक नव्हते. दक्षिणेतून माळव्यापर्यंतच्या वाटेवर ते कोठे तरी गळून पडले असावे, आणि त्या भटजींनीही मांडी दुखू लागल्यावर "काश्यप म्हणा" म्हटले असावे. मी रोज जे करतो तेच. ती दोन्ही कुटुंबे एकाच ऋषीची नव्हती. दोन्ही विस्मृतीची होती. एवढे बोललो असतो तर सगोत्राचा दोष तेथेच फिटला असता.

पण त्या घरात मराठी आता आक्काच्या पिढीबरोबर संपत आली आहे. मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. देवनागरीच असूनही चार ओळींनंतर तिला थकवा येतो. दक्षिणेतून आणलेले त्यांच्याजवळ दुसरे काय उरले होते? आडनावाची अक्षरेही इकडच्या जिभेने बदलली. पणजोबांपासून जपलेला तो एक शब्द होता, आणि तो उसना आहे असे एका म्हाताऱ्या बाईला सांगून लग्न लावायचे, हे मला जमेना. शास्त्र मला अनुकूल होते. धीर नव्हता.

दुसरी वाट होती. ज्याला स्वगोत्र ज्ञात नाही त्याने आपल्या आचार्याचे गोत्र सांगावे, असेही शास्त्रात आहे. मुलाने मला आचार्य मानले तर तो माझ्यासारखा भारद्वाज होईल. पण मग विस्मृती त्याच्या घराची ठरत होती, आणि ते त्याच्या वडिलांना सांगणे मलाच भाग होते.

मी त्यांच्या कॉलनीत गेलो. ते फाटकापाशी पाइप धरून तुळशीला पाणी घालत होते. मी विचारले, काश्यप हे त्यांना कोणी सांगितले.

ते हसले. "सच बताऊँ? मेरी शादी में पंडितजी ने पूछा तो बाबूजी चुप। पंडितजी खुद ही बोले, चलो, कश्यप बोल दो। हमने बोल दिया।"

मग मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी आधी नळ बंद केला.

"पंडितजी, गाँव छूटा। बोली छूटी, बच्चे भोजपुरी सुनकर हँसते हैं। कारख़ाने में आधी उमर सब हमको 'ए बिहारी' बोलते रहे। अब एक गोत्र बचा था, वो भी लड़की वालों के हिसाब से बदल लें?"

ज्या कारणासाठी मी आक्काला दुखवत नव्हतो, तेच कारण हा मनुष्य मला सांगत होता, आणि त्याचा त्यावर माझ्याहून अधिक हक्क होता. मी एवढेच म्हणालो की बदला असे मी म्हणत नाही. मुलगा माझा शिष्य झाला तर माझ्या घरचा होईल, आणि तुमचे काश्यप तुमच्याजवळच राहील. हे बोलणे मला स्वतःलाच वकिली वाटले. ते पाइप गुंडाळू लागले.

"आपके अपने लड़के?" त्यांनी विचारले.

"दोघे बाहेर आहेत. संध्या कोणी करत नाही."

"तो आपको भी कोई चाहिए," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की करुणा, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाले, "पूछ लो इसी से।"

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"समाजातले लोक काय म्हणतील ते ठाऊक आहे नं? गुरुजींनी बिहाऱ्याला गोत्रात घेतलं म्हणतील."

"म्हणतील."

"म्हणू देत. आपल्या गोत्रात आता माणसं राहिलीत कुठं? येऊ दे त्याला. जेवायला बसेल का पण आपल्याकडचं? त्याला काकडी-टमाटे लागतात म्हणे वर कांदा."

मुलगा पाळी संपवून येऊ लागला. अंगाला तेलाचा वास असे. हातपाय धुऊन बसे. त्याला गायत्री येत होती, कुठल्या तरी मोबाईलवर ऐकून, तीही चुकीच्या चालीवर. मी ती सुधारली नाही. आधी प्रवर शिकवला. आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज, असे गोत्राचे तीन ऋषी. पहिला आणि तिसरा त्याला लगेच आला. दुसऱ्यावर तो अडखळे.

"बारह... बारहस्पत्य."

"बारा नव्हे रे. बार्‌. बृहस्पतीचा तो बार्हस्पत्य."

"गुरुजी, गाडीवर म्हणत येतो ना मी," तो त्याच्या नव्या मराठीत म्हणाला. "गेटवर गार्ड विचारतो, भिया, ये बारह-बारह क्या गिन रहे हो?"

पलीकडच्या खोलीत आमच्या घरच्यांना हसू आवरेना. मलाही आले. असे घरात कोणी हसून बरेच दिवस झाले होते, तरी तो गेल्यावर मी थकून आडवा होई. शिकवणे मला पूर्वी थकवत नसे. आता वाटे, मी हा शब्द त्याच्या जिभेवर ठेवतो आहे; हा पुढे कोणाच्या जिभेवर ठेवणार? त्याची मुले कदाचित याच शहरात कोणा पुरोहितापुढे बसतील आणि एकमेकांची तोंडे पाहतील.

आक्काला मी स्वतः सांगितले. मुलाचे घराणे गोत्र विसरले आहे, म्हणून तो आता माझ्या गोत्राचा, एवढेच. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे तुमच्या घरचा झाला तो?"

"शास्त्राने."

"मग तुमच्याकडची बाजू म्हणून काकू इकडे माझ्याजवळ नाही बसणार मांडवात?"

"ते तुम्ही दोघी ठरवा."

"बरं," ती म्हणाली. "त्या लोकांना मात्र कसं विसरायला होतं हो? एवढं एक तर नाव लक्षात ठेवायचं." मी पंचांग उघडले आणि त्यात काही शोधत असल्यासारखे केले.

लग्न मराठी समाजाच्या सभागृहात झाले. कार्यकारिणीतले दोघे मुद्दाम उशिरा आले आणि लवकर गेले. कन्यादानाच्या वेळी मी वराचे गोत्र भारद्वाज म्हणून उच्चारले. मुलाचे वडील समोर हात जोडून बसले होते. त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणाले हे ऐकू आले नाही, पण तो शब्द भारद्वाज नव्हता. मी थांबलो नाही. मुलीचे वडील आक्काचा हात स्वतःच्या हाताखाली घेऊन बसले होते. पाणी दोघांच्या बोटांवरून खाली आले. मुलाने प्रवर स्वतः म्हटला. बार्हस्पत्य बरोबर आला.

जेवणे झाली, पंगती उठल्या. आक्का बदनावरच्या गाडीची वाट पाहत लाडवाचा डबा मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. खूप दमलेली दिसत होती. काही वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"गुरुजी, एक विचारू? आमच्या पणजोबांना भटजींनी सांगितलं. पण त्यांना कुणी सांगितलं असेल हो?"

तिने हा प्रश्न किती दिवस जवळ ठेवला होता कोण जाणे. खरे उत्तर तिच्याजवळ बहुधा होतेच. मी म्हणालो, "आक्का, काश्यप कधी खोटा नसतो."

"नाही नं?"

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली, आणि डब्याचे झाकण उगाचच दाबून पाहिले. बाहेरून कोणी गाडी आल्याचे ओरडले. तिने वाकून मला नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, पण नेहमी ज्या स्वरात देतो त्या स्वरात तो निघाला नाही. तिने मान्य केले होते की मला माफ केले होते, हे विचारण्याइतके बळ माझ्यात नव्हते.

गाडी गेली. मी तसाच बसून राहिलो. दिवे अर्धे मालवले होते. मंडपवाल्याचा माणूस सतरंजी गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आला, थांबला, आणि आदराने म्हणाला, "बासाब, थोड़ा उठो नी, दरी समेटनी है।"

उठायला मला वेळ लागला. त्याने हात दिला.