नानांच्या खिशातला कागद

धुळ्याहून तार आली तेव्हा मी मेथी निवडत होते. नाना गेले, एवढंच त्यात होतं. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मीच ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "फार चांगला माणूस. हिऱ्यात तेवढा एकदा चुकला बिचारा." मी पुन्हा भाजी पुढे ओढली, पण दांड्या कुठल्या नि पानं कुठली ते कळेना. नाना हिऱ्यात चुकले नव्हते. चुकले होते मी. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले एक आता नाहीत. याला पाच आठवडे झाले. घरात कुठं बसले तरी बसवत नाही. हे लिहितानाही तीनदा उठले, एकदा उगाचच कोनाडे पुसून आले.

नाना म्हणजे माझे धाकटे काका, हिऱ्यांचे पारखी. दुकान त्यांनी कधी घातलं नाही. धुळ्याचे आणि जळगावचे सराफ त्यांना बोलावत, आणि नाना काय म्हणतात त्यावर सौदे होत किंवा मोडत. माहेरी आमच्या माडीवरच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. सकाळी तिथं बसून ते पांढऱ्या कागदाला घडी घालत, त्या घडीत खडा उपडा ठेवत आणि बाजूनं बघत. समोरून सगळेच हिरे गोरे दिसतात, पिवळेपणा बाजूनं कळतो, असं ते म्हणत. मग खड्यावर हलकेच फुंकर घालत. खऱ्या हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, काचेवर रेंगाळते. खडा मोठा आहे म्हणून कुणी तोरा मिरवला की नानांना हसू येई. "आकार काय, भोपळ्यालाही असतो. पाणी बघा, आतला डाग बघा, पैलू नीट पडलेत का बघा."

एकदा एक म्हातारी शेतकरीण गाठोड्यातून अंगठी घेऊन आली होती. "नाना, माले खरं सांग. हाऊ हिरा शे का?" नानांनी दोनदा बघितलं. "हिरा शे, अक्का. जरा पिवया शे, पन खरा शे." म्हातारी तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली... तिला काच असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. बघून झालं की नाना त्याच कागदावर बारीक अक्षरात लिहीत. खड्यात काय दिसलं ते, आणि मालकाला काय सांगितलं तेही. मग कागद पत्र्याच्या डब्यात जाई.

माझ्या लग्नात सासूबाईंनी स्वतःच्या हिऱ्याच्या कुड्या मला घातल्या. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा नानांनी त्या खिडकीशी नेल्या आणि उलट्या करून दाखवल्या. "इंदे, आईची अंगठी आपण रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतो ना, तशा या धुवायच्या नाहीत. अंगठी मागून उघडी आहे, या मागून बंद. आत खड्याखाली चांदीचा पातळ वर्ख आहे, त्याला डांक म्हणतात. पाणी शिरलं की डांक काळी पडते आणि हिरा आंधळा दिसतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायच्या, बस. आणि दोन्ही वेगवेगळ्या गुंडाळून ठेव, हिऱ्याला हिराच ओरखडतो." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, नानांना सगळ्यातच फार जपायची सवय आहे.

पुढच्याच चैत्रात सासरी, जळगावला, हळदीकुंकू होतं. तेला-हळदीनं कुड्यांचं तेज गेलेलं. जळगावच्या बायका येणार, मी अठरा वर्षांची, नवी सून... मी रिठे भिजवले आणि कुड्या पाण्यात टाकल्या. त्या दिवशी त्या लखलखल्या. आठ दिवसांनी दोन्ही खडे राखेसारखे झाले. सासूबाईंनी त्या हातात घेतल्या आणि एकच विचारलं, "खडे बदलले कुठं? माहेरी?" धुतल्याचं मी लपवलं. दुसऱ्या दिवशी मला माहेरी पोचवण्याची भाषा सुरू झाली, आणि नानांना बोलावणं गेलं.

नाना आले. त्यांनी सासूबाईंच्या देखत कोंदण उघडलं, खडे पुसले, फुंकर घालून दाखवली, काळी डांक काढून नखावर ठेवली, पाणी शिरलंय म्हणाले. खडे तेच होते. सासूबाई म्हणाल्या, "मग पाणी लागलं कसं? नाना, तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?" नानांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, जरासा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. मला वाटलं, हात पुसायला काढला असेल. "विहीणबाई, धुवायला मीच सांगितलं. मागची बाजू बघायची राहिली. चूक माझी." मी दाराला धरून उभी होते. मी गप्प राहिले.

बंद कोंदण ओळखता न आलेला पारखी! महिन्याभरात ही गोष्ट सराफ बाजारभर झाली. आधी जळगावची बोलावणी थांबली, मग धुळ्याचीही. कागदाच्या घड्या घालणारे हात रिकामे बसू लागले. एकदा ते आमच्याकडे आले असताना मेहरूणच्या तळ्याकडे चालताना मी म्हटलं, "नाना, मी सासूबाईंना खरं सांगून टाकते." ते म्हणाले, "तुला त्या घरात राहायचंय. मला काय, मी दुसऱ्यांच्या वस्तू बघणारा." मी किती लगेच ऐकलं त्यांचं! पाण्याचं सांगितलेलं ऐकलं नाही, हे मात्र ऐकलं. मग मुलं झाली, लढाई आली, सरली, आणि सांगायचं पुढं पुढं जात राहिलं. मला माझी लाज वाटते, आणि त्यांचा रागही येतो. त्यांनी एवढं सोपं करून द्यायला नको होतं.

तेराव्याला धुळ्याला गेले. काकूंनी पत्र्याचा डबा पुढं केला, "तुला ओळखू येतात का बघ." सगळे कागद हारीनं लावलेले. माझा मधेच सापडला. 'इंदूच्या कुड्या. पाणी उत्तम, डाग नाही. मागून बंद. पाण्यात घालू नये. सांगितले.' कागद खिशात राहून राहून घडीवर विरला होता. त्या दिवशी त्यांनी काढून परत ठेवला तो हाच.

परवा मी तो सासूबाईंच्या पुढं ठेवला. म्हणाल्या, "वाच." मी वाचला. म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग मी काय केलं होतं ते सगळं सांगितलं. त्या माझ्या कानातल्या कुड्यांकडे बघत बसल्या. मला वाटलं, काढून मागतील. त्या म्हणाल्या, "मला वाचून दाखवलंस. आता सराफ बाजाराला कोण वाचून दाखवणार?"

म्हणून हे छापायला दिलं आहे. कागद माझ्याजवळ आहे. ज्या सराफांनी नानांना बोलावणं थांबवलं, त्यांनी घरी येऊन तो वाचावा. आमच्याकडे उत्तरेची खिडकी नाही, पण सकाळी ओसरीवर उजेड चांगला असतो.