मागचं म्हणणारा

फरशीवाला माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याचा धंदा फरश्या बसवायचा, माझा नळाचा. म्हणजे त्याने बसवायचं आणि मी फोडायचं. एकाच इमारतीच्या कामावर आम्ही कितीदा तरी एकत्र आलो आणि दर वेळी आमचं वाजलं. ‘आधी पाइप टाकून घे रे बाबा’ म्हणून तो घसा फोडून सांगायचा, मी विसरायचो, आणि मग त्याने सकाळी बसवलेली अख्खी ओळ दुपारी छिन्नीने उखडायचो. तो मुकाट्याने परत बसवायचा. शिवी द्यायचा नाही, आणि मला तेच लागायचं. माणसाने शिवी द्यावी, मोकळं व्हावं. हा आपला खाली मान घालून सांधे भरत बसणार.

पस्तीस वर्षं हा माणूस गुडघ्यांवर चालला. स्वयंपाकघरं, बाथरूम, दवाखान्याचे लांबच लांब कॉरिडॉर, सगळं गुडघ्यांवर. आता वय त्रेसष्ट, आणि जिना चढताना त्याचे गुडघे असे कडकड वाजतात की मला खाली घरात बसून कळतं, आला. डॉक्टरने बजावलंय, गुडघ्यांवर बसायचं नाही. काम अर्ध्यावर आणलंय त्याने, पण बंद कसं करणार?

त्याची बायको शिवणकाम करायची. बाई फटकळ. माझ्या नळाने तिच्या नवऱ्याची फरशी खराब केली की ती जिन्यातून खाली वाकून माझा उद्धार करायची. नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलून टाकायची. आम्ही सगळे कॅथलिक, त्यामुळे संध्याकाळी सातला तिच्या घरी रोझरी सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ ऐकू यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोझरी म्हणजे माळेवर म्हणायची मारियेची प्रार्थना, आणि ती दोन तुकड्यांत असते. एकजण पहिला तुकडा म्हणतो, ‘नमो मारिये’पासून. बाकीचे दुसरा म्हणतात, ‘पवित्र मारिये’पासून ‘आमेन’पर्यंत. असं दहा वेळा, आणि अशा दहाच्या पाच फेऱ्या. आमच्याकडे पहिल्या तुकड्याला ‘पुढचं’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘मागचं’. त्या घरात पुढचं कायम तिचं, मागचं कायम त्याचं. लग्न झाल्यापासून. तिचा आवाज खणखणीत, याचा म्हणजे पिंपात बोलल्यासारखा.

मग एका दुपारी ती मशीनवर बसल्या बसल्या उजवीकडे कलली. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दोन महिने दवाखाना, मग घर. तोंडातून चकार शब्द नाही. डोळे मात्र सगळीकडे फिरायचे, आणि कळत सगळं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ती महिनाभर राहून गेली, रोज फोनवर चेहरा दाखवायची आणि रडायची. बाकी सगळं याच्यावर. उचलून खुर्चीत बसवणं, अंघोळ, वेणी, भरवणं. वेणी त्याला जमायची नाही. पण फरशीच्या सांध्यासारखा भांग मात्र अगदी सरळ पाडायचा.

त्याच सुमारास नवीन फादर आले आणि त्यांनी काढलं, की पुरुषांनी रोझरी घरात पुटपुटायची नाही, चौकात गुडघे टेकून म्हणायची. दर शनिवारी सकाळी आठ वाजता, बसस्टॉपसमोरच्या चौकात. बायका इतकी वर्षं घराघरात म्हणतायत, तुम्हाला लाज वाटते काय, असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. आमच्या हिने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट गेलो.

वीस-बावीसजण असायचो. दोन ड्रायव्हर, एक सुतार, बँकेचा शिपाई, असे. शाळेतून रिटायर झालेले मास्तर सगळं बघायचे, कोणी पुढचं म्हणायचं त्याच्या पाळ्या लावायचे. पहिल्या शनिवारी ट्रॅफिक पोलीस आला. रस्त्यात एवढी माणसं गुडघ्यांवर बघून त्याला वाटलं आंदोलन आहे.

“कसली मागणी आहे?” त्याने विचारलं.

“शांतीची,” मास्तर म्हणाले.

“अर्ज दिलाय का?”

मला हसू आवरेना. मास्तरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. पुढे तो पोलीस आमच्यासाठी स्वतःच आडवं बॅरिकेड लावून ठेवायचा.

फरशीवाला पहिल्या दिवसापासून यायचा. शेजारची म्हातारी तासभर त्याच्या बायकोपाशी बसायची. तो सिमेंटचं रिकामं पोतं चार घड्या करून गुडघ्यांखाली घ्यायचा आणि टेकताना ओठ दाबून धरायचा. मी एकदा खेकसलोच, “अरे, डॉक्टरने काय सांगितलंय? उभ्याने म्हण की! देव काय टेपने मोजतोय?”

“कामासाठी एवढी वर्षं गुडघे टेकले,” तो म्हणाला. “हिच्यासाठी टेकायला नको?”

“आणि मागतोस काय एवढं?”

“एक शब्द. तिने एक शब्द बोलावा. मला शिवी दिली तरी चालेल.”

मी माळ काढली.

पाळी घ्यायला तो तयार नसायचा. मास्तरांनी नाव घेतलं की हात हलवायचा, “मला मागचंच येतं.” सगळे हसायचे. मास्तरांना वाटायचं हा लाजतोय. शेवटी एका शनिवारी मास्तरांनी ऐकलंच नाही. म्हणाले, “चौथी फेरी तुझी. दहा वेळा ‘नमो मारिये’ म्हणायचं, त्यात काय डोंगर उचलायचाय?”

चौथी फेरी आली. सगळे थांबले. फरशीवाल्याने घसा साफ केला, डोळे मिटले आणि त्या पिंपातल्या आवाजात सुरू केलं, “पवित्र मारिये, देवाचे माते...” आणि थेट ‘आमेन’पर्यंत जाऊन थांबला.

कोणाला काय करावं कळेना. मागचं तर त्यानेच म्हणून टाकलं, मग आम्ही म्हणायचं काय? मागून एक ड्रायव्हर फिस्सकन हसला. मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात फरशीवाल्याने डोळे उघडले. आपलं काय चुकलं ते त्याच्या लक्षात आलं आणि कानापर्यंत लाल झाला. मला त्या हसणाऱ्याचा असा संताप आला! मी मोठ्याने, मुद्दाम मोठ्याने, उत्तर म्हणून पुढचं म्हटलं, “नमो मारिये, कृपापूर्णे...” आणि आजूबाजूला डोळे वटारले. दुसऱ्या मण्याला सुताराने साथ दिली, मग सगळ्यांनीच. अख्खी फेरी आम्ही उलटी म्हटली. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

घरी येताना मी त्याला चिडवलं, “आज रिव्हर्स गियर टाकलास की!”

तो हसला नाही. म्हणाला, “मी रोज सातला तिच्याजवळ बसून अडखळत पुढचं म्हणतो आणि तिने मागचं म्हणावं म्हणून थांबतो. डॉक्टरने सांगितलंय, सवयीचं काहीतरी बोलत राहा. पण मागचं तिच्या सवयीचं कुठेय? तिने ते कधी म्हटलंच नाही.”

मला तेव्हा त्यातलं फार काही कळलं नाही. त्या संध्याकाळपासून मात्र खिडकीतून वेगळंच ऐकू यायला लागलं. तो फक्त मागचं म्हणायचा. मग शांतता. मग परत मागचं. आमची ही म्हणाली, “वेड लागलं वाटतं बिचाऱ्याला.”

पाचव्या दिवशी मी सिंकखाली डोकं घालून आमचाच नळ बघत होतो, आणि वरून बाईचा आवाज आला. खणखणीत नव्हता. जडशीळ होता, घसटत येत होता, पण शब्द सगळे जागच्या जागी. मी उठलो तो सिंकला डोकं आपटलं, आणि ओल्या हातांनी तसाच वर धावलो. दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती, समोर बघत, आणि म्हणत होती, “नमो मारिये, कृपापूर्णे,” तिथून पूर्ण, एक शब्द न गाळता. संपवून थांबली. याला मागचं म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसती गालांवरून धार. शेवटी मागचं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की, तू कशाला मध्ये? मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

मुलगी फोनवर ओरडली, “पप्पा, मम्मी बोलली!” मास्तरांनी चर्चमध्ये जाहीर केलं. फादर घरी येऊन गेले. चार दिवस आमच्या जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ होती.

पण आलं ते एवढंच आलं. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेलं असतं ते डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतं, ते आपोआप बाहेर पडतं. बाकीचं येईल, नाहीतर येणारही नाही. तिला तहान लागली की ‘नमो मारिये’. पंखा बंद कर, ‘नमो मारिये’. पाठ खाजव, कूस बदल, भात गार झालाय, सगळ्याला तेच. नवरा चुकीचं समजला की तीच प्रार्थना दात-ओठ खाऊन. मला जिन्यातून दिल्या असतील तेवढ्या सगळ्या शिव्या तिने त्यात कोंबल्या. आणि त्याने मागचं पूर्ण ‘आमेन’पर्यंत म्हणेपर्यंत ती थांबायची नाही. हातात भांडं असो, साबण असो, आधी मागचं, मग पाणी. दिवसातून पन्नास वेळा, साठ वेळा. हळूहळू तो सुरावरून ओळखायला शिकला, की हे पाण्याचं, हे उशीचं. तरी निम्म्या वेळा चुकायचा, आणि मग ती रडायची. रडत रडत तेच म्हणायची.

त्याचं कामावर जाणं बंद झालं. शनिवारीही येईना. गालफडं बसली. एकदा जिन्यात भेटला, औषधं घेऊन येत होता. मधल्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, “मी एवढंच मागितलं होतं ना रे. एक शब्द. दिला त्याने. मग आता कुरकुर कुठल्या तोंडाने करू?”

“कर की!” मी भडकलोच. “कंत्राटदाराने असं अर्धवट काम केलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?”

“असं बोलू नये.” मग तो औषधांच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत बसला. “मला त्या प्रार्थनेचा वीट आलाय. खोटं कशाला बोलू? पस्तीस वर्षांचा संसार आमचा, एवढ्या दिवसांनी बोलायला लागली, आणि मला वाटतं, हिने गप्प बसावं. घटकाभर तरी.” मला त्याचं तोंड बघवेना. मी औषधांची पिशवी उचलली आणि वर ठेवून आलो.

शेवटी आमची ही म्हणाली, “शनिवारी मी बसते त्यांच्याजवळ. मला येतं की मागचं. तुम्ही त्यांना घेऊन जा, जरा वारा लागू दे.” तो नको नको म्हणत होता. मी दंडाला धरून नेला. खरं सांगायचं तर प्रार्थनेला नेतच नव्हतो मी त्याला, घराबाहेर काढत होतो.

चौकात सगळ्यांनी त्याला जागा करून दिली. पोत्याची घडी घातली, तो माझ्या शेजारी टेकला आणि डोळे मिटले. पहिली फेरी माझी होती. मी सुरू केलं, “नमो मारिये...”

आणि शेजारी तो उठला. माझ्या खांद्यावर सगळा भार देऊन, गुडघे कडकड वाजवत, डोळे पुरते न उघडताच उठला आणि म्हणाला, “आलो गं, आलो. थांब.”

दोन पावलं चाललासुद्धा. मग समोर बॅरिकेड आलं तेव्हा त्याने डोळे उघडले. रस्ता, बसस्टॉप, गुडघ्यांवरची आम्ही सगळी माणसं, असं एकेक बघितलं. या वेळी कोणी हसलं नाही. तो ड्रायव्हरसुद्धा मान खाली घालून बसला.

“ये, बस,” मी म्हटलं. “आमची ही आहे तिच्याजवळ.”

“तुझ्या बायकोला तिचे सूर नाही कळायचे,” तो म्हणाला. “पाणी मागितलं की नुसतं ‘आमेन’ म्हणून बसेल.” वाकून पोतं उचललं. “जातो मी. तुमचं चालू द्या. मला काय, इथे काय आणि तिथे काय.”

तो बॅरिकेडला वळसा घालून गेला. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी इतके शनिवार हिच्या धाकाने येतोय, देवाकडे कधी काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं. सगळं बोलणं नको, म्हटलं, तिला फक्त ‘पाणी’ म्हणता येऊ दे. तेवढा एक शब्द.

“मोठ्याने म्हण!” मागून मास्तर म्हणाले.

नाही म्हटलं मी मोठ्याने. तो अजून रस्ता ओलांडत होता. त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू मी म्हटलं, “नमो मारिये.”