चौथ्या मजल्यावरचं नेट

आधी कबूल करा की हसणार नाही. नाही, तसं नको, चहाचा कप खाली ठेवून कबूल करा. कारण हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, पण ते मी सांगितलं म्हणून नाही. अजूनही पहिल्या मजल्यावरून जाताना मी चपलांचा आवाज होऊ देत नाही. स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये! सेक्रेटरी असून!

तर झालं असं. आमचं राउटर म्हातारं झालं होतं. दिवसातून दोन-तीन वेळा डोळे मिटायचं. मिहिरने, म्हणजे आमच्या मुलाने, नवीन आणून ठेवलं आणि रविवारी सकाळी मित्राच्या लग्नाला कळवणला निघून गेला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, संध्याकाळी आलो की मी बदलतो. तुम्ही हात लावू नका."

आता मला सांगा, सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला 'हात लावू नका' म्हणायचं? माझा हात तर तिथेच शिवशिवायला लागला.

अडचण एकच होती. सौभाग्यवती. सुनंदाचा रविवारी सकाळी भजनाचा ऑनलाइन वर्ग असतो. ती शिकवते, आणि पलीकडे कुठून कुठून बायका टाळ घेऊन बसलेल्या असतात.

"वर्ग मधेच बंद पडला ना," ती आतल्या खोलीत जाता जाता म्हणाली, "तर आज स्वयंपाकघरही बंद."

"अगं, एक क्षणसुद्धा नेट जाणार नाही! तुला कळणारसुद्धा नाही मी कधी बदललं ते!"

आणि खरं सांगतो, योजना माझी फक्कड होती. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा. त्याला घरच्या वायफायचंच नाव द्यायचं, तोच पासवर्ड द्यायचा. म्हणजे जुनं राउटर बंद झालं की घरातली सगळी यंत्रं आपोआप माझ्या मोबाइलवर येणार. मग निवांत नवीन राउटर जोडायचं, त्याला तेच नाव द्यायचं आणि हॉटस्पॉट बंद करायचा. आहे की नाही डोकं? सांगा ना, आहे की नाही?

हॉटस्पॉट चालू केला, मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि टीव्हीच्या मागे शिरलो. मागे एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात काळे अडॅप्टर, वर धूळ. राउटरचा म्हणून एक उपटला. शेजारी तसलाच दुसरा होता. हा कुणाचा? त्याची वायर खिडकीच्या चौकटीकडे कुठेतरी गेली होती. म्हटलं, मागे कधीतरी कॉर्डलेस फोन होता, त्याचा असणार. फुकट वीज खातोय. तोही उपटला, वायरीपासून वेगळा केला आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकला. साफसफाईची सवय हो, दुसरं काय!

नवीन राउटर लावलं. हिरवा दिवा लागला. आतून भजन अखंड चालू! टाळ वाजताहेत, बायका सूर लावताहेत. माझा ऊर असा भरून आला म्हणता! आता राउटरला नाव देतो आणि हॉटस्पॉट बंद करतो, असं म्हणतोय तोच दारावरची बेल वाजली.

दारात पहिल्या मजल्यावरच्या खैरनार वहिनी. पैठणी नेसलेल्या, पण चेहरा रडवेला.

"भाऊजी, तुमच्याकडे नेट आहे का हो? सगळ्या विंगमध्ये गेलंय!"

"आमच्याकडे? उत्तम चाललंय!"

"आमच्या पूर्वाचं स्थळ आहे हो आज. मुलगा जर्मनीला, आई-वडील कोल्हापूरला. मुलांचं आपसात जमलंय, आता दोन्ही घरं पहिल्यांदा बोलणार. आत्ता थोड्या वेळात कॉल आहे. आणि आमच्या मजल्यावर मोबाइलला रेंज म्हणजे तुम्हाला माहितीच आहे."

"मग वर या! सगळे या!" मी म्हटलं. "आजच नवीन राउटर बसवलंय. बघा तरी त्याची ताकद!"

हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पूर्वा लॅपटॉप घेऊन आली. पोरगी हुशार, बँकेत आहे, पण त्या दिवशी लॅपटॉप उलटा धरून उघडायला बघत होती. मागोमाग खैरनार भाऊ आले. मूळचे सटाण्याकडचे, भाजीचा मोठा व्यापार, मोजकं बोलणारे. सुनंदाचा वर्ग संपला होता, ती पोहे टाकायला गेली. मी आमचं टेबल मधे ओढलं, लॅपटॉप त्यावर ठेवला, पासवर्ड दिला. लागलं! मग मला राहवेना. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांना नेट हवे असेल त्यांनी निःसंकोच चौथ्या मजल्यावर यावे. सेक्रेटरी.' पासवर्डही टाकला. लोक आमच्या दारातल्या जिन्यावर मोबाइल घेऊन बसायला लागले.

कॉल सुरू झाला. नमस्कार-चमत्कार झाले. मी मनाशी म्हटलं, आता विंगच्या नेटचाही बंदोबस्त करावा. कंपनीला फोन लावला आणि बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून खाली पार्किंगमध्ये गेलो. तिथे त्या फोनवरच्या मुलीला असं झाडलं, असं झाडलं! "रविवारच्या दिवशी अख्खी विंग बंद ठेवता? लाज वाटत नाही?"

वर आलो तर घरात स्मशानशांतता.

"अहो, नेट गेलं होतं!" वहिनी म्हणाल्या. "आत्ता तुम्ही दारातून आत आलात आणि आलं बघा."

"असं?"

"सेक्रेटरी साहेबांचा पायगुण लय भारी हाय," खैरनार भाऊ म्हणाले.

आणि मी, बरं का, मी चक्क लाजलो. म्हणजे मला ते पटलं!

पुन्हा बोलणं रंगलं. मुलाच्या आईने प्रेमाने विचारलं, "स्वभावाने कशी आहेस गं तू?" मला वाटलं, आता गोडाचं काहीतरी हवं. मी हळूच उठलो, पेढे आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

मी जिन्यात असताना वर काय झालं, ते मला नंतर कळलं. पूर्वा म्हणाली, "मला राग पटकन येतो, पण—" आणि चित्र गोठलं! पलीकडे कोल्हापूरला आणि जर्मनीला काय दिसलं असेल विचार करा. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेवटचा शब्द 'पण'. पेढे बांधून घेऊन, दुकानदाराशी दोन गप्पा मारून मी परत येईपर्यंत ती तशीच होती!

मी दारात पाय ठेवला आणि स्पीकरमधून आवाज आला, "पण काय?"

"पण लगेच जातो!" पूर्वा किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका," ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "प्लीज, आता कुठे जाऊ नका."

"अगं, माझा काय संबंध? आता कंपनीकडे पुन्हा तक्रार—"

"सेक्रेटरी साहेब," भाऊ म्हणाले, "तुम्ही बसा."

मी बसलो. सुनंदाने पोह्यांची बशी पुढे केली आणि तिचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. "अहो, मोबाइल केवढा तापलाय! सदऱ्यातून धग येतेय." तिने तो उपसला, पडदा पाहिला आणि थांबली.

मग ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "यावर हॉटस्पॉट चालू आहे असं लिहिलंय. आणि बॅटरी संपत आलीय."

तुम्हाला कधी जिवंतपणी जमीन दुभंगावी असं वाटलंय? मला तेव्हा वाटलं. नवीन राउटर गेलं चुलीत, त्यावर काही चालतच नव्हतं! अख्खी विंग माझ्या खिशावर जगत होती! मी खाली गेलो की नेट खाली, मी वर आलो की नेट वर. पायगुण कसला, खिसागुण!

आता काय करायचं? मोबाइल बंद पडला तर पोरीचं लग्न मोडणार. चार्जर टीव्हीमागच्या बोर्डात, वायर वीतभर. मी जमिनीवर बसून सरपटत टीव्हीपाशी गेलो, मोबाइल लावला आणि तिथेच फतकल मारली. कॅमेऱ्यात दिसत होतो का? आता कळतं की दिसत होतो. तेव्हा भान कुणाला!

तिथे बसल्या बसल्या समोर ती लोंबणारी वायर दिसली. कॉर्डलेसची. नजर तिच्यामागोमाग गेली. खिडकीच्या चौकटीतून बाहेर, बाहेरून जिन्याच्या भिंतीवर, आणि भिंतीवर कंपनीचा डबा. सगळ्या विंगला नेट देणारा डबा! मग आठवलं. तो बसवायला आले तेव्हा वीज कुठून घ्यायची, हा प्रश्न निघाला होता. "आमच्याकडून घ्या, सोसायटीसाठी एवढंही करू नये का?" असं छाती पुढे काढून मीच म्हटलं होतं.

म्हणजे मी सगळ्या विंगचं नेट उपटून खणात ठेवलं होतं. आणि वर त्या बिचाऱ्या मुलीची लाज काढली होती.

खण कुठे? टेबलाला. टेबलावर काय? लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये कोण? कोल्हापूर आणि जर्मनी.

मी रांगत निघालो. पूर्वाच्या खुर्चीमागून, खैरनार वहिनींच्या पैठणीच्या काठाला चुकवत, टेबलाखाली. खण अडकला. हिसडा दिला. टेबल हललं, लॅपटॉप हलला, आणि पलीकडून मुलाचे वडील घाबरून म्हणाले, "भूकंप झाला की काय तिकडं?"

"नाही नाही," वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे... काम चालू आहे."

अडॅप्टर हाती लागला. तसाच रांगत मागे आलो, वायर जोडली, बोर्डात खुपसला. क्षणभर काही नाही. मग खालच्या मजल्यांवरून आरोळी उठली, "आलं! आलं रे!" जिन्यातली मंडळी टाळ्या वाजवत आपापल्या घरी गेली. पाठोपाठ ग्रुपवर संदेशांचा पाऊस. 'सेक्रेटरी साहेबांच्या पाठपुराव्याला सलाम.' 'असा सेक्रेटरी मिळायला भाग्य लागतं.' कुणीतरी हार घातलेलं चित्रही टाकलं.

मी जमिनीवर बसूनच ते वाचत होतो. आणि शरमेची गोष्ट ऐका, माझं बोट 'धन्यवाद, हे माझे कर्तव्यच' असं लिहायला लागलंसुद्धा होतं! सुनंदाने नुसतं पाहिलं. पुसलं बाबा मी ते. खरं काय ते लिहिलं. त्यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली, तशी शांतता कुणाच्या तेराव्यालाही नसते. शेवटी खैरनार भाऊंनी लिहिलं, 'म्हणजे बटन सायबांच्याच घरात व्हतं व्हय.' त्यावर हसण्याच्या चित्रांची जी रांग लागली ती संध्याकाळपर्यंत संपेना. मी कंपनीत परत फोन करून त्या मुलीची माफी मागायचा प्रयत्न केला. दुसरीच कुणी होती. तिने माझी तक्रार मात्र 'ग्राहकाच्या समाधानाने' बंद केली.

मिहिर घरी आला, त्याने एक नजर राउटरकडे टाकली, एक माझ्याकडे, आणि काही न बोलता टीव्हीमागे शिरला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी खैरनार वहिनी वर आल्या. मी आतल्या खोलीत लपणार होतो, पण त्या हसत होत्या, हातात मिठाईचा पुडा होता.

"भाऊजी, होकार आला!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. म्हटलं, "सुटलो! माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

"छे! त्यांना पूर्वा फार आवडली. तो 'राग पटकन येतो, पण' ऐकून तर मुलगा पोट धरून हसला म्हणे. फक्त त्याच्या आईची एक शंका होती."

"कसली?"

वहिनींनी सुनंदाकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला.

"त्या म्हणाल्या, मुलगी पसंत आहे, घर पसंत आहे. पण ते मागे सारखे आत-बाहेर करणारे आणि मग टेबलाखाली शिरलेले गृहस्थ... ते मुलीच्या रक्ताच्या नात्यातले नाहीत ना?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार भाऊजी? ह्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, नाय हो, नुसते शेजारी हायेत. तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला."