जानकीबाईंची जागा

आमच्या स्टेशनवर किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. डहाणूच्या आसपासचं छोटं स्टेशन आमचं. मी तिकीट खिडकीवर. इथली माणसं कुणाचं ऐकून घेत नाहीत, आणि मला त्याचा अभिमान आहे!

नवे स्टेशन मास्तर आले आणि पहिल्याच दिवशी नरपडच्या जानकीबाईंवर घसरले. बाई वर्षानुवर्षं प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला मासळीची टोपली घेऊन बसतात. पहिलाच लगेजचा डबा बरोबर त्यांच्यासमोर येतो. गाडी मिनिटभरच थांबते. ती चुकली तर अख्खी टोपली वाया!

साहेब म्हणाले, "इथे बसू नका, वास येतो."

"मासा हाय, अत्तर नाय! तुमची बदली व्हते, माजी नाय!"

*

दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, "येथे बसण्यास मनाई." बाई आणि त्यांच्या चार मैत्रिणी तिथेच हजर.

"बोर्ड वाचता येत नाही?"

"येतो की! बसलोय कुटं? उभ्या हाव!"

*

मग साहेबांनी मोर्चा इतरांकडे वळवला. तलासरीकडचे एक आजोबा कोंबडा घेऊन माझ्या खिडकीशी आले. साहेब आतून ओरडले, "कोंबड्याचंही तिकीट लागेल!"

आजोबा शांतपणे मला म्हणाले, "दे बाय. पन त्याला खिडकीजवल जागा दे!"

*

शेवटी साहेबांनी वासाच्या तक्रारीवर सह्या गोळा करायला घेतल्या. पहिले गाठले चिकूच्या बागेवाले इराणी शेठ.

"अरे बावा, मी सही करते, पण पापलेट कोण आणेल? तू?"

कागद कोराच राहिला.

*

मोठे अधिकारी तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी पोलीस आणून जानकीबाईंना प्लॅटफॉर्मच्या मध्यावर, मुतारीसमोर बसवलं. मला असा संताप आला!

सकाळी साहेब हार घेऊन उभे. गाडी आली आणि अर्ध्या प्लॅटफॉर्मवरच थांबली! लगेजचा डबा थेट मुतारीसमोर. बाईंनी आरामात टोपली चढवली. मागचे डबे प्लॅटफॉर्मच्या बाहेर, आणि शेवटच्या डब्याच्या दारात मोठे अधिकारी. खाली नुसती खडी!

साहेब हारासकट मोटरमनकडे धावले. "थांबायचा बोर्ड दिसत नाही का?"

मोटरमनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बोर्ड तर कधीच झाडीत गेला, साहेब. आम्ही जानकीबाईंना बघून ब्रेक लावतो. आज त्यांना इथे कुणी बसवलं?"